जाळे तुटले, पण कुठे?

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन थडकले. सावित्री नदीच्या दक्षिणेला रत्नागिरी जिल्ह्याचे उत्तर टोक, म्हणजे मंडणगड तालुका. वादळाचा मोठा तडाखा मंडणगड आणि दापोली या तालुक्यांना बसला. घरांची छपरे उडाली, माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले. वीज गेली आणि तिच्यापाठोपाठ मोबाइलचे मनोरेही मुके झाले. कित्येक वाड्या अनेक दिवस अंधारात होत्या. गावाकडे माणसे कशी आहेत हे मुंबईतल्या चाकरमान्यांना कळायला मार्ग नव्हता. वर्ष करोनाचे होते. शाळा बंद होत्या आणि मुलांपर्यंत पोहोचायला शिक्षकांच्या हाती फोन हेच साधन उरलेले होते.

पुढे काही काळाने शिक्षकांच्या एका प्रशिक्षणासाठी आम्ही मंडणगडला गेलो होतो. चहाच्या वेळी एका गुरुजींनी आम्हांला विचारले, "सर, वादळाचं सोडा. एरवीही पावसात आमचं नेट जातं. तक्रार केली की पलीकडून सांगतात, आमच्याकडून सगळं चालू आहे, तुमच्याकडेच बघा. आता आमच्याकडे म्हणजे नेमकं कुठं बघायचं?"

प्रश्न साधा आहे, पण त्याला जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. संदेशांचे जाळे विणणे हा त्या इतिहासाचा एक भाग. तो सर्वांना थोडाफार ठाऊक असतो. तुटलेले जाळे कुठे तुटले हे ओळखणे हा दुसरा भाग, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. या लेखात आपण त्या दुसऱ्या भागाकडे पाहू.

तारेचा दोष आणि प्रयोगशाळेतला सेतू

आपल्या देशात विजेच्या तारेने संदेश पाठवण्याचे पहिले प्रयोग विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ साली कलकत्त्यात केले. १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली. १८५५च्या फेब्रुवारीत मुंबई, कलकत्ता, मद्रास, आग्रा यांना जोडणारी तारसेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली. १८७० साली समुद्राखालची तार एडनमार्गे मुंबईला येऊन पोहोचली आणि मुंबई-लंडन संदेश काही मिनिटांत जाऊ लागला.

तार टाकली की ती तुटणार हे ओघानेच आले. झाड पडते, चिनी मातीचा रोधक फुटतो, ओली फांदी तारेला टेकते आणि वीज जमिनीत उतरते. शंभर किलोमीटरच्या तारेत असा एक दोष शोधायचा तर माणसाने खांबाखांबाखालून चालत जायचे का? समुद्राच्या तळाशी असलेल्या तारेबाबत तर तेही शक्य नव्हते.

या अडचणीतून वाट काढली ती व्हीटस्टनच्या सेतूने. हा सेतू मुळात सॅम्युअल ख्रिस्ती यांनी १८३३ साली मांडला होता. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ साली तो प्रसिद्धीस आणला आणि नाव त्यांचे झाले. बारावीच्या प्रयोगशाळेत आपण एक मीटर लांबीची तार, गॅल्व्हॅनोमीटर आणि सरकती कळ घेऊन जो प्रयोग करवून घेतो, तो या सेतूचाच आहे. अज्ञात रोध काढणे एवढाच उपयोग पाठ्यपुस्तकात असतो. तारखात्याने याच सेतूने अंतर मोजले.

समजा, दोन गावांमध्ये ६० किलोमीटर लांबीच्या सारख्याच जाडीच्या दोन तारा आहेत. त्यांतली एक मध्येच कुठेतरी जमिनीला लागली आहे. पलीकडच्या गावी दोन्ही तारांची टोके जोडली, तर १२० किलोमीटरचा एक वळसा तयार होतो. दोषाच्या जागी या वळशाचे दोन भाग पडतात. हे दोन भाग सेतूच्या दोन भुजा म्हणून घ्यायचे, उरलेल्या दोन भुजा आपल्या कचेरीत, आणि जमीन विजेरीच्या एका टोकाला. काटा शून्यावर आला की कचेरीतल्या भुजांचे गुणोत्तर हेच वळशाच्या दोन भागांचे गुणोत्तर. ते ३ : १ आले, तर दोष १२०च्या चौथ्या भागावर, म्हणजे ३० किलोमीटरवर. दुरुस्तीचा माणूस थेट तिथे जाणार.

इथे लक्षात ठेवण्याजोगी एक गोष्ट आहे. तुटलेल्या ठिकाणाची बातमी आणायला एक शाबूत तार लागली. जाळ्याची विचारपूस करायची वाट जाळ्यातूनच जाते. पुढच्या काळात या एका गोष्टीने मोठमोठ्या अभियंत्यांना घाम फोडला.

आपली तब्येत आपण सांगणारे यंत्र

१९६९ साली अमेरिकेत आर्पानेट हे संगणकांचे जाळे सुरू झाले. त्याच्या प्रत्येक ठाण्यावर आयएमपी नावाचे एक यंत्र होते. फ्रीजएवढे आकारमान, सुमारे ४०० किलो वजन. ते पुढे आलेला संदेश योग्य वाटेला लावी. ही यंत्रे मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज येथील बीबीएन या कंपनीने बनवली होती.

बीबीएनच्या अभियंत्यांनी एक दूरदृष्टीची गोष्ट केली. प्रत्येक आयएमपीने ठरावीक वेळाने स्वतःचा अहवाल केंब्रिजला पाठवायचा: आपण चालू आहोत, आपल्या लगतच्या वाटा अशा अशा आहेत, इतक्या संदेशांत चुका आढळल्या. वेळेत अहवाल आला नाही, तर तीसुद्धा बातमीच! त्यामुळे एक गमतीचा प्रकार होऊ लागला. केंब्रिजमध्ये बसलेला माणूस देशाच्या दुसऱ्या टोकाच्या टेलिफोन कंपनीला फोन करून सांगे की तुमच्या अमुक दोन गावांमधली लाइन बिघडते आहे. ऐकणाऱ्याला ते खरे वाटत नसे. हजारो किलोमीटर दूर बसून याला काय कळणार? पण मोजमाप फोन करणाऱ्याकडे असे.

मंडणगडच्या गुरुजींची गोष्ट नेमकी उलटी होती. तक्रार त्यांची होती आणि मोजमाप मात्र दुसऱ्याकडे.

चव्वेचाळीस, चाळीस आणि आठ

स्वतःची तब्येत सांगणाऱ्या यंत्रांचेही दुखणे असते. २७ ऑक्टोबर १९८० रोजी सारे आर्पानेट काही तास बंद पडले. कारण ऐकले तर आश्चर्य वाटेल. 'माझ्या वाटा ठीक आहेत' असे सांगणारे अहवालच या घटनेच्या मुळाशी होते.

या अहवालांना ० ते ६३ असे क्रमांक दिले जात. ६३ नंतर पुन्हा ०. मग दोन अहवालांतला नवा कोणता हे कसे ठरवायचे? घड्याळाच्या तबकडीसारखी ६४ खुणांची एक तबकडी कल्पा. जुन्या क्रमांकावरून पुढे जाताना ३२ घरांच्या आत जो सापडेल तो नवा, असा नियम होता. म्हणजे ४० पेक्षा ४४ नवा, आणि ६२ पेक्षा २ नवा. नियम तसा बरोबर आहे.

त्या दिवशी एका आयएमपीच्या स्मृतीत बिघाड होऊन अहवालाच्या क्रमांकातले बिट गळाले. ४४ हा अंक द्विमान पद्धतीत १०११०० असा लिहितात. त्यातला एक १ गळाला की उरतात १०१०००, म्हणजे ४०. आणखी एक गळाला की ००१०००, म्हणजे ८. अशा रीतीने एकाच यंत्राचे ४४, ४० आणि ८ क्रमांकाचे तीन अहवाल एकाच वेळी जाळ्यात फिरू लागले. आता नियम लावून पाहा. ८ पेक्षा ४० नवा, कारण अंतर बरोबर ३२. ४० पेक्षा ४४ नवा. आणि ४४ वरून पुढे मोजत गेलो तर ८ हा २८ घरांवर येतो, म्हणून ४४ पेक्षा ८ नवा! तिघांतला प्रत्येक जण दुसऱ्या कोणापेक्षा तरी नवा. प्रत्येक आयएमपी 'नवा अहवाल आला' असे समजून तो शेजाऱ्यांना देत राहिला. यंत्रांचा सारा वेळ हे तीन अहवाल फिरवण्यातच जाऊ लागला आणि खऱ्या संदेशांना वाट उरली नाही.

वर्गात हा प्रयोग पुठ्ठ्याच्या तबकडीवर सहज करता येतो. मुलांना द्विमान अंक, शेष आणि वर्तुळाकार क्रम हे तिन्ही एकदम भेटतात. शिवाय, एका चांगल्या नियमातसुद्धा न सुचलेली शक्यता कशी दडलेली असते हेही दिसते.

हाक आणि प्रतिध्वनी

१९८३च्या डिसेंबरात माइक मूस या अमेरिकी अभियंत्याला एका बिघडलेल्या जाळ्याचा त्रास होत होता. त्याने एका संध्याकाळी एक छोटी आज्ञावली लिहिली. ती दूरच्या यंत्राला हाक देते, त्याचा प्रतिसाद यायला किती वेळ लागला ते मोजते आणि पुन्हा हाक देते. पाणबुडी शोधण्यासाठी पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्या ध्वनीवरून त्याने या आज्ञावलीला नाव दिले 'पिंग'. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक संगणकावर ती असते.

पण हाकेला 'ओ' मिळाली म्हणजे सारे ठीक, असे मात्र नाही. १९८६च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात बर्कली येथे, एकमेकांपासून सुमारे ३६५ मीटरवर असलेल्या दोन संस्थांमधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. तारा शाबूत होत्या, यंत्रे चालू होती. सगळे जण एकदमच बोलू लागल्यामुळे आणि न पोहोचलेले संदेश पुन्हा पुन्हा पाठवत राहिल्यामुळे ही कोंडी झाली होती. बंद पडणे निराळे आणि मंद होणे निराळे, हे तेव्हा स्पष्ट झाले. त्यासाठी हाकेबरोबर मोजणीही लागते.

ती मोजणी १९८८ साली एका सर्वमान्य रीतीत बसवली गेली. तिचे नाव सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल, थोडक्यात एसएनएमपी. जेफ्री केस, मार्क फेडोर, मार्टिन शॉफस्टॉल आणि जेम्स डेव्हिन यांनी ती मांडली. शाळेच्या भाषेत सांगायचे तर हा एक छापील तक्ता आहे. प्रत्येक यंत्राने तो भरून ठेवायचा: किती संदेश आले, किती गेले, किती खराब निघाले, केव्हापासून चालू आहे. प्रत्येक रकान्याला ठरलेला क्रमांक. पाहणी करणारा संगणक येऊन विचारतो, 'तुझा अमुक क्रमांकाचा रकाना वाच.' यंत्र वाचून दाखवते. काही अघटित घडले तर यंत्र कोणी विचारण्याची वाट न पाहता आपण होऊन कळवते. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय पातळीवर याहून कितीतरी सर्वांगपरिपूर्ण आणि तितकीच अवजड अशी दुसरी रीतही तयार होत होती. एसएनएमपी ही तोवरची तात्पुरती सोय मानली गेली होती. साधेपणामुळे टिकली मात्र तीच.

आपल्याकडे १९८६ साली एर्नेट हे शैक्षणिक जाळे सुरू झाले. त्यात मुंबईची आयआयटी आणि एनसीएसटी या दोन्ही संस्था होत्या. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये टोबियास ओटिकर या तरुणाने एक आज्ञावली लोकांसाठी खुली केली. तो काम करत असलेल्या संस्थेकडे बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच, सेकंदाला ६४,००० बिटांची लाइन होती. ती किती भरली आहे हे सगळ्यांनाच पाहायचे होते. ही आज्ञावली दर पाच मिनिटांनी तक्त्यातले आकडे वाचे आणि त्यांचा आलेख काढी. पुढे १९९९ साली नॅगिऑस, २००१ साली झॅबिक्स, २०१३ साली लिब्रेएनएमएस अशा आज्ञावल्या आल्या. या सर्व विनामूल्य मिळतात आणि त्यांची अंतर्रचना कोणालाही पाहता येते.

शाळेतला जुना ओळखीचा संगणक

आज्ञावली फुकट मिळाली तरी ती चालवायला रात्रंदिवस सुरू राहणारा संगणक लागतो. शाळेला तो कसा परवडणार? याचे उत्तर शोधताना जुन्या शिक्षकांना एक ओळखीची वस्तू भेटेल.

१९८४ साली आपल्या सरकारने शाळांमध्ये संगणक साक्षरतेसाठी 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला. त्यात शाळांना बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक मिळाला. तो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीतल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे एआरएम हा प्रक्रियक रचला. त्याची पहिली चकती २६ एप्रिल १९८५ रोजी चालू झाली. हा प्रक्रियक फार थोडी वीज खातो, म्हणून आज तो बहुतेक सर्व मोबाइल फोनांत असतो. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी, पुन्हा इंग्लंडमध्येच, मुलांना संगणकाची रचना आणि आज्ञावली शिकता यावी म्हणून एका संस्थेने याच घराण्याचा प्रक्रियक वापरून 'रास्पबेरी पाय' बाजारात आणला. एका पत्त्याएवढ्या पाटीवर अख्खा संगणक, किंमत ३५ डॉलर. शाळेतल्या बीबीसी मायक्रोची स्मृती ३२ किलोबाइट होती. या पाटीची २५६ मेगाबाइट, म्हणजे सुमारे आठ हजार पट. पुढच्या पिढ्यांत ती आणखी वाढली. केंब्रिजमध्ये एका खोलीत बसून जे काम चाले, ते आता या पाटीवर होऊ शकते.

पाटी मंडणगडला लावताना

गुरुजींच्या शाळेत आम्ही अशी एक पाटी लावली. काम अवघड नव्हते. आधी स्मृतिपत्रावर कार्यप्रणाली उतरवून घेतली. पाटी राउटरला हवेतून न जोडता तारेने जोडली, नाहीतर दोष वायफायचा की लाइनचा हे कळत नाही. तिला जाळ्यातला एक कायमचा पत्ता दिला, म्हणजे ती रोज नव्या नावाने हजर होणार नाही. मग व्यवस्थापनाची आज्ञावली बसवली आणि तिला तीन ठिकाणी हाक द्यायला सांगितले: एक शाळेचा राउटर, दुसरे सेवा देणाऱ्याचे पहिले ठाणे, तिसरे दूरच्या शहरातला एखादा संगणक.

यात गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर आहे. पहिलाच गप्प असेल तर दोष शाळेत. पहिला बोलतो पण दुसरा आणि तिसरा गप्प, तर दोष बहुधा शाळेबाहेरच्या लाइनमध्ये. पहिले दोन बोलतात आणि तिसराच गप्प, तर दोष त्याहून पुढे. तारखात्याच्या वळशाचीच ही युक्ती, फक्त किलोमीटरऐवजी टप्पे मोजायचे. एक सावधगिरी मात्र हवी. काही यंत्रांना हाकेला उत्तर देऊ नको असेच सांगून ठेवलेले असते. म्हणून सारे सुरळीत असताना कोण 'ओ' देतो ते आधी पाहून घ्यावे.

पहिली चूक आमचीच झाली. वीज जाऊन आल्यानंतरच्या नोंदी पाहिल्या, तर त्यांच्या वेळा चक्क भूतकाळातल्या! आम्ही लावलेल्या पाटीला स्वतःचे घड्याळ नव्हते. २०२३ साली आलेल्या पाचव्या पिढीत ते आहे, पण त्यालाही बॅटरी वेगळी लावावी लागते. एरवी पाटी इंटरनेटवरून वेळ विचारून घेते. आमच्याकडे वीज आणि इंटरनेट दोन्ही गेले होते. वीज आधी आली, आणि विचारायला कोणी नसल्यामुळे पाटी जुन्याच वेळेपासून पुढे मोजू लागली. कोकणात ही वेळ पावसाळ्यात नेहमीची. मग नाण्याएवढ्या बॅटरीचे एक छोटे घड्याळ बसवले. अचानक वीज गेली की लिहिता लिहिता स्मृतिपत्र खराब होते, म्हणून पाटीला बॅटरीचा आधारही दिला.

दुसरा दोष सापडला तोही शाळेतच. रोज संध्याकाळी ठरावीक वेळी तिन्ही ठिकाणे एकदम गप्प होत आणि सकाळी बोलू लागत. शाळा सुटल्यावर वर्गांचे मुख्य बटण बंद केले जाई आणि राउटर त्याच बटणावर होता! गुरुजी हसले आणि म्हणाले, "म्हणजे काही वेळा पलीकडचे खरं बोलत होते." पण पावसाच्या दिवसांत जेव्हा राउटर बोलत होता आणि पुढचे ठाणे गप्प होते, त्या नोंदीही तारीखवार हाती आल्या. गुरुजींनी त्या कागदावर उतरवून तक्रारीला जोडल्या.

या पाटीचे खरे मोल इथे आहे. खेड्यांपर्यंत जाळे नेण्याचे प्रयत्न आपल्याकडे झाले आहेत. २०११ साली ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची योजना मंजूर झाली. तीच २०१५ पासून भारतनेट म्हणून ओळखली जाऊ लागली. पालघर जिल्ह्यातल्या काही खेड्यांत मुंबईच्या आयआयटीने ग्राममार्ग प्रकल्पात दूरदर्शनच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट नेऊन दाखवले. पण शहरातल्या केंद्रातून पाहिले, तर दूरच्या खेड्याची तुटलेली लाइन म्हणजे नुसती शांतता. शाळेतली पाटी मात्र लाइन तुटलेली असतानाही आपल्या वहीत लिहीत राहते, आणि लाइन जुळली की ती वही कोणालाही वाचता येते.

पाटी खांबावर चढत नाही, पडलेला माड उचलत नाही. 'निसर्ग'सारखे वादळ आले तर बॅटरी संपेपर्यंतच ती लिहील. तरीही वीज आणि जाळे कोणत्या क्रमाने गेले आणि त्या वेळी किती वाजले होते, एवढे तिच्या वहीत असेल. पुढच्या वेळी मनोऱ्याला किती तासांची बॅटरी हवी, हे ठरवायला अशाच नोंदी लागतात.

ज्या शाळेत अशी पाटी नाही, तिथेही सुरुवात करता येईल. भिंतीवर एक दिनदर्शिका लावावी. नेट गेले की वर्गातल्या एका मुलाने वेळ लिहावी, वीज होती की नव्हती ते लिहावे आणि राउटरवरचे कोणते दिवे लागलेले होते तेही लिहावे. महिनाअखेर मुलांनी आलेख काढावा. पाऊस आणि नेट यांचा संबंध आपल्या गावात खरोखर आहे का, हा प्रश्न मग त्यांचा स्वतःचा होईल.